झाडाने गिळलेला पट्टा

माझा भाऊ एल्डन चौदा फुटांवरून पडला, त्याचं कमरेचं हाड मोडलं, आणि आमच्या घरच्यांनी काय केलं, तर त्याच्या शर्टाचा तुकडा भिंतीवर ठोकला. अकरा महिने झाले, माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या शिकारीच्या केबिनमध्ये तशी रीत आहे. हरणावरचा नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं, त्यावर नाव लिहायचं, भिंतीवर खिळ्याने ठोकायचं आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं. माझेही तीन तुकडे आहेत तिथे, त्याचं मला काही नाही. पण एल्डनने नेम धरलाच नव्हता. झाडावरचं मचाण निखळलं, तो पडला, आणि पडताना बंदूक उडाली. गोळी सुटली, हरीण मेलं नाही, म्हणजे नेम चुकलाच की! असं म्हणत आमचा चुलतभाऊ व्हर्लिन इस्पितळाने दिलेल्या कपड्यांच्या पिशवीतून त्याचा शर्ट घेऊन आला. शुक्रवारी तळलेले मासे खायला आख्खं गाव जमतं, तिथे त्याने हा किस्सा तीनदा सांगितला. तिसऱ्या वेळी त्यात ब्रँडी आली. एल्डन मचाणावर कॉफीशिवाय काही पीत नाही, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि तरी सगळे हसले.

आणि डॅड काय म्हणाला? "पट्टा मी घट्ट आवळला होता. यानेच बक्कल सैल केली असणार."

डॅड बोलला म्हणजे विषय संपला. मचाणांचा कारभार चाळीस वर्षं त्याचा. ऑक्टोबरात तो मचाणं झाडांना बांधणार, जानेवारीत उतरवणार, पुढच्या वर्षी नवे पट्टे लावणार. झाड दरवर्षी जाड होतं. पट्टा तसाच राहिला तर झाड तो ताणून ताणून तोडतं. उन्हाने कुजतो, खारी कुरतडतात, ते वेगळंच. हे आम्हाला त्यानेच शिकवलेलं. म्हणून त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही, मीही नाही. मला राग होता तो शर्टाचा आणि ब्रँडीचा.

यंदा ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी मचाणं ठरवायला आम्ही चौघं केबिनवर जमलो. टेबलावर डॅडने हाताने काढलेला जंगलाचा नकाशा होता. आमच्यात प्रत्येकाची काडतुसाची एक रिकामी पुंगळी असते, तिच्यावर नावाचं अक्षर कोरलेलं. डॅड ज्याची पुंगळी नकाशावर जिथे ठेवेल, तिथे त्याने नोव्हेंबरात बसायचं.

डॅडने एल्डनची पुंगळी उचलली आणि टेकाडावरच्या ओकवर ठेवली. तो पडला होता त्याच ओकवर.

"भीती मोडायची तर त्याच झाडावर," तो म्हणाला. "मागच्यासारखंच मचाण टांगतो."

एल्डनने नुसती मान डोलावली. दुधाचा टँकर चालवणारा सहा फुटी माणूस, हातातली काठी मांडीवर आडवी धरून बसला होता.

मी उठलेच. "डोकं फिरलंय का तुझं, डॅड? त्याच्या कमरेत सळई आहे. एका पायाने लोंबकळत चढणार का तो? मी शिडीचं मचाण आणलंय, बाहेर गाडीत आहे. चढायला पायऱ्या, पुढे कठडा, आणि अंगात झाडाला बांधलेला हार्नेस घालायचा."

"सोल्विग, त्यावर एक टीव्हीपण बसव की," व्हर्लिन म्हणाला. "आणि झोप लागायला अंगाई कोण म्हणणार?"

"तू तोंड बंद ठेव, व्हर्लिन. तुझं तोंड उघडलं की माझ्या भावाच्या पोटात ब्रँडी जाते."

डॅडने टेबलावर हात आपटला. "हार्नेस घातलेला माणूस म्हणजे खुंट्याला बांधलेलं वासरू. माझ्या जंगलात दुकानातली खेळणी नकोत. याने बक्कलला हात लावला नसता तर काही झालं नसतं."

"जाऊ दे ना, सोली," एल्डन हळूच म्हणाला. "चूक माझीच होती."

त्याचा तो मऊ आवाज ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बरं," मी म्हटलं. "ओक तर ओक. पण त्याला शिडीच लागेल, आणि ती मी आत्ता लावणार. अडवायचं त्याने अडवावं."

कुणी अडवलं नाही. व्हर्लिनने गुपचूप शिडीचं दुसरं टोक उचललं. डॅड मागून बडबडत आला, एल्डन काठी टेकत सगळ्यात मागे. हरणांच्या दोन वाटा ओकखाली मिळतात आणि वारा समोरून येतो; जागा नामी आहे, त्याबद्दल माझा वाद नव्हता. एल्डन पडल्यानंतर त्या झाडावर कुणी चढलं नव्हतं. लोंबकळणारं मचाण व्हर्लिनने लांब दांड्याच्या कोयत्याने खालूनच कापून पाडलं होतं.

शिडी खोडाला टेकवली, व्हर्लिनने पाय रोवून धरली, आणि मी हार्नेस घालून वर गेले. पट्टा फिरवायला खोडाला मिठी मारली, तर पलीकडच्या बाजूला बोटांना कापडाचं टोक लागलं. मी मान वाकवून पाहिलं. मागचा जुना पट्टा तिथेच होता. सालीतून बाहेर आलेलं वीतभर टोक आणि पुढे काही नाही, कारण पुढचा पट्टा झाडाच्या आत होता. साल त्याच्यावरून दोन बोटं जाड चढली होती.

एका हंगामात झाड एवढं गिळत नाही. दोनमध्येही नाही.

मी सुरीने साल फोडून पट्टा उपसला. तो दोरा दोरा होऊन सुटत आला. तुकडा मुठीत धरून मी खाली उतरले आणि डॅडच्या छातीला टेकवला.

"बक्कल? कुठली बक्कल, डॅड? हा पट्टा झाडात रुतलाय. किती वर्षं उतरवला नाहीस?"

व्हर्लिन बुटाने पानं उकरत राहिला.

"किती वर्षं?"

"शेवटचं उतरवलं ते तुझी आई गेली त्याच्या आधीच्या जानेवारीत," डॅड म्हणाला. "माझे गुडघे चालत नाहीत, सोल्विग."

पाच वर्षं! पाच वर्षं आम्ही सगळे त्या कुजक्या पट्ट्यांवर बसलो, आणि हा दर ऑक्टोबरात सांगत होता, बांधून आलो म्हणून.

"सांगायचं होतंस ना! आम्ही चढलो असतो. चार हात होते की इथे."

"सांगितलं असतं तर नकाशा तुम्ही घेतला असता."

मला त्याच्या गुडघ्यांची कीव आली आणि त्याच क्षणी त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. एल्डन मात्र ओरडला नाही. त्याने तो तुकडा घेतला, अंगठ्याने चुरगळून पाहिला.

"मी बक्कल उघडल्याचं मला आठवतं, डॅड," तो म्हणाला. "बोटांना गार लागली होती, तेही आठवतं. तू सांगितलंस, म्हणून मला आठवायला लागलं. रोज रात्री आठवतं."

डॅड वळून केबिनकडे चालू लागला.

केबिनमध्ये परतल्यावर एल्डन सरळ भिंतीशी गेला, आपल्या शर्टाचा तुकडा काढून त्याने खिशात घातला. खिळा रिकामा राहिला. डॅडने त्या खिळ्याकडे पाहिलं. मग त्याने पँटमधला शर्ट उपसला, खणातली कात्री घेतली आणि हात मागे नेऊन स्वतःच कापायला लागला. कात्री नीट बसेना.

एल्डनने त्याच्या हातातून कात्री घेतली. मला वाटलं, हा नको म्हणेल, राहू दे म्हणेल. लहानपणापासून तसाच आहे. त्याने शर्टाचं शेपूट ताणून धरलं आणि या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत कापलं. त्यावर डॅडचं नाव लिहिलं आणि ते रिकाम्या खिळ्यावर अडकवलं. कुणी हसलं नाही. व्हर्लिनसुद्धा.

मग तो टेबलापाशी आला. ओकवरची आपली पुंगळी त्याने उचलली नाही. नकाशा मात्र डॅडच्या खुर्चीसमोरून ओढून स्वतःकडे फिरवला.

"शिडी ओकलाच राहील," तो म्हणाला. "आणि जानेवारीत सगळी मचाणं मी आणि सोली उतरवणार. तू खाली उभं राहून उतरलेले पट्टे मोजायचे, डॅड."