आठ वर्षांचा प्रोसेसर

“दादा, ही रुई आहे का गोधडी?” प्रोसेसरवरचा पंखा उचलत मनोज हसला. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर राखाडी थर घट्ट बसला होता. चिमट्याने ओढला तर अख्खा निघून आला.

दिनेशला हसू आलं नाही. कोन गावात त्याच्या घराखालीच कापडाचे लूम चालतात, आणि एकोणीस वर्षं तो तिथेच ड्युटी करतो. शेअर रिक्षात मांडीवर कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन तो धामणकर नाक्यावर मनोजच्या रिपेअरिंगच्या दुकानात आला होता, तो नवा प्रोसेसर बसवायला.

दोन वर्षं तो हे पुढे ढकलत होता. “नवीन मॉडेल येऊ दे, मग घेतो,” असं टीमच्या पोरांना सांगायचा. नेमबाजीच्या गेमची ही पाच जणांची टीम त्यानेच जमवलेली. आता बाकीचे चौघे विशीतले, तो एकोणचाळीसचा. दर सामन्यात पहिला तोच मरायचा. “स्क्रीन अडकली रे!” म्हणायचा, आणि अडकायचीही. रविवारी स्पर्धा होती. कॅप्टन दर्शन, त्याचाच पुतण्या, शेवटी म्हणाला होता, “काका, प्रोसेसर बदल, न्हायतर तुझ्या जागी विपुलला घेतो.”

मनोजने पाती साफ केली, प्रोसेसर थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली, अर्धा तास गेम चालवून पाहिला.

“बघा. सत्त्याण्णव डिग्रीला जायचा, म्हणून आपणहून स्पीड कमी करायचा. आता पासष्ट. एकदम मख्खन! नवा कशाला घेता? अजून तीन वर्षं टेन्शन नाय.”

“नक्की? जुना झालाय तो.”

“कमाल करता दादा. हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं!”

घरी येऊन दिनेश खेळायला बसला. स्क्रीन एकदाही अडकली नाही. भिंतीच्या कोपऱ्यातून येणारा शत्रू त्याला स्वच्छ दिसला. त्याने बंदूक उचललेलीही दिसली. मग कुठे दिनेशच्या बोटाने बटण दाबलं. पहिला तोच मेला. पुढच्या दोन्ही डावांतही.

मग त्याने हाताची चपळाई मोजणारी एक चाचणी उघडली. लाल चौकोन हिरवा झाला की बटण दाबायचं. दहा वेळा दाबून सरासरी आली तीनशे चाळीस मिलिसेकंद. विपुलने मागे ग्रुपवर फुशारकीने टाकलेला आकडा दोनशे दहा होता. दिनेश उठला, साबणाने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा बसला. तीनशे पंचेचाळीस.

दर्शनचा फोन आला. “काका, बसला का नवा?”

“न्हाय रे. या बोर्डावर नवा बसतच न्हाय. सगळाच बदलायला लागंल.”

“अरेरे. मग रविवारी?”

“विपुलला घे.”

“तुझी मशीन चांगली असती ना काका, तर तूच पायजे होतास.”

“ते तर हायच,” दिनेश म्हणाला. “विपुल हाय का तिथं? दे त्याला.”

विपुल फोनवर आला. कुठल्या भिंतीमागे थांबायचं, किती मोजून बाहेर यायचं, दिनेश एकेक सांगू लागला. प्रत्येक वाक्याला विपुल “म्हायती हाय, काका” म्हणत होता. दिनेशने तरी सगळं शेवटपर्यंत सांगितलं.