पडकोटाची हद्द

सुगतनं तिसऱ्यांदा फिता ताणला आणि तिसऱ्यांदाही बासष्टच मीटर भरले. जमीनमोजणीत एकवीस वर्षं घासलेला माणूस हा. बांधावरून भावाभावांची डोकी फुटताना बघत आला, पण फिता धरलेला हात कधी हलला नाही. आज मात्र त्याला आपल्याच मोजणीवर विश्वास ठेवावासा वाटेना. फित्याचं एक टोक पडकोटाच्या दगडावर होतं आणि दुसरं रेणुकाच्या घरकुलाच्या पायावर. रेणुका त्याची धाकटी सख्खी बहीण.

पडकोट म्हणजे गढीला बाहेरून वळसा घालणारा दुसरा तट. सुगतच्या गावात, धामणवाडीला, गढी आहे, तिथं एके काळी फौजेचं ठाणं होतं. आता तोफेचा एक बुरूज काय तो उभा. बाकीची पांढरी माती लोकांनी आपापल्या घरांच्या मातीच्या धाब्यांवर टाकायला नेली. बुरूज तरी वाचावा म्हणून गावात इतिहास मंडळ निघालं. अध्यक्ष माणिकराव, सेक्रेटरी सुगत. आणि या सेक्रेटरीनंच तीन वर्षांमागं बाभळी तोडता तोडता भीमनगर वस्तीच्या कडेला पडकोटाचा पाया हुडकून काढला. मारे पेढे वाटले! खात्याला अर्ज केला, त्यात पडकोटाचं ठळक अक्षरांत लिहिलं. त्याच अर्जावरून आज पुरातत्त्व खात्याच्या मॅडम पाहणीला येणार होत्या.

गढी संरक्षित झाली की तिच्या हद्दीपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. हे कलम आमच्या शहाण्यानं वाचलं कधी? तर परवा! हद्द बुरुजापासून धरली तर रेणुकाचा पाया दीडशे मीटरवर, बिनघोर. पडकोटापासून धरली तर आत. अकरा वर्षं ती पत्र्याखाली भाजत होती. घरकुलाच्या यादीत नाव लागायलाच चार वर्षं गेली. दोन दिवस झाले, तिला हे सांगायची सुगतची छाती होत नव्हती.

त्यानं माणिकरावांना विचारून पाहिलं. "काका, पडकोट वगळला तर?"

"येडा झालास का? पडकोट गेल्यावर राहतंय काय? उद्या जेसीबी लावून सपाट करतेत समदं. तूच म्हनायचास न्हवं?"

म्हातारा खरं तेच बोलत होता, म्हणून सुगतला त्याचा आणखीच राग आला.

अकराला जीप आली. मॅडमनी बुरूज पाहिला, बंदुका रोखायची भोकं मोजली, फोटो काढले. मग कागद चाळत म्हणाल्या, "बाहेरच्या तटाचा पाया सापडला असं लिहिलंय तुम्ही. कुठाय?"

सुगतनं घाम पुसला. "ते मॅडम... तेव्हा तसं वाटलं होतं. नीट बघितल्यावर बांधाचे दगड निघाले. चूक झाली माझी."

जन्मात पहिल्यांदा त्यानं हद्द खोटी सांगितली. तोंड कडू झालं, पण छातीवरचं ओझंही उतरलं. माणिकराव आ वासून त्याच्याकडं बघत राहिले. मॅडमनी त्या ओळीवर काट मारायला पेन उघडलं.

तेवढ्यात चहाची किटली घेऊन आलेली रेणुका हसली. "या बया! दादा, असं काय करायलास? मॅडम, लय लाजाळू हाय माजा भाऊ. त्यानंच हुडकलाय तो तट. दर ऐतवारी माती मी उपसलीय त्याच्या संगं. लोक हसायचे, म्हनायचे, भीमनगरात कशाचा आलाय किल्ला! चला, दावते."

"रेणुका, थांब की," सुगत म्हणाला, पण ती केव्हाच निघाली होती.

ती पुढं, मॅडम मागं. तिनं वाकून पदरानं दगड झाडला. "ह्यो बघा चुना. शेताच्या बांधाला कोन चुना घालतंय?" हे तिला सुगतनंच शिकवलं होतं.

मॅडम गुडघ्यावर बसल्या, चुना नखानं खरवडला. "अस्सल आहे," म्हणाल्या आणि दगडावर रंगाची खूण केली. मग उठता उठता त्यांची नजर समोर गेली. "तो पाया कुणाचा?"

"माजाच की! घरकुल मंजूर झालंय. सोमवारी भिंतींचं काम सुरू."

मॅडमनी सुगतकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. त्यांनी ओळीवर काट न मारताच पेन मिटलं आणि त्या जीपकडं गेल्या.

"काय झालं रे दादा? मी काय चुकीचं बोलले का?"

आता लपवून उपयोग नव्हता. सुगतनं तिला सांगितलं. शंभर मीटर, कलम, सगळं सांगितलं. सांगताना त्याला तिच्याकडं बघवेना. माणिकरावही मान खाली घालून चपलेनं ढेकूळ फोडत राहिले.

रेणुका आपल्या घरकुलाच्या पायाकडं बघत उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं सुगतला वाटलं.

"मला आधी का न्हाई सांगितलंस रे?" ती म्हणाली. "मी गप बसले असते की."