हात लावू का?

एक्याऐंशी सालची गोष्ट. थंडी संपत आली होती. मोठ्या इस्पितळाच्या जेवणघरात शनिवारी सकाळी बाकडी भिंतीला सरकवून मधली जागा मोकळी केली होती. तिथे सतरंज्यांवर बारा-चौदा माणसं उभी होती आणि त्यांच्यामधून मास्तर फिरत होते.

“ताठ! अहो, ताठ म्हणजे ताठ. भिंतीला टेकल्यासारखे काय उभे राहताय? भिंत आहे का मागे?” असं म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याचे दोन्ही खांदे धरले आणि असे मागे खेचले, की तो एवढा आडदांड माणूस ‘आई गं’ म्हणून कळवळला.

“मास्तर, एक मिनिट.”

आवाज होता ‘ऐकणाऱ्या बाईं’चा. त्या मनाच्या डॉक्टर. मागच्याच वर्षी इस्पितळात आल्या होत्या. गोळ्या-औषधं फारशी देत नसत. खुर्ची ओढून माणसासमोर बसत आणि ऐकत. म्हणून झाडूवाल्यापासून मेट्रनपर्यंत सगळे त्यांना ऐकणाऱ्या बाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. शनिवारचा हा वर्ग ही त्यांचीच कल्पना. इस्पितळात काम करणाऱ्यांनी आधी आसनं करायची, मग गोल करून बसायचं आणि आपल्याला आत काय जाणवलं ते वाटलं तर सांगायचं. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, समजूत घालायची नाही, सुधारायला जायचं नाही.

“इथे एक नियम ठेवू या,” बाई म्हणाल्या. “कुणाच्या अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं. ‘हात लावू का?’ असं. हो म्हणाला तरच लावायचा.”

“आणि नको म्हणाला तर?”

“तर पुढे जायचं. का, म्हणून विचारायचं नाही.”

मास्तर हसले. उभा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला माणूस तो. “बाई, सुतार लाकडाला विचारतो का, रंधा मारू का म्हणून?”

“तुम्हाला हा नियम विचित्र वाटतोय.”

“वाटतोय कसला, आहेच!”

“हं,” एवढंच म्हणून बाई गप्प राहिल्या. त्यांचं हे नेहमीचंच. भांडायला समोर कुणी उरतच नसे.

मागच्या रांगेत, शेवटच्या सतरंजीवर उभ्या असलेल्या शिवणकाकूंनी हे ऐकलं आणि मान खाली घातली. मास्तर त्यांचे यजमान. बाईंना आसनं शिकवणारं कुणी हवं होतं, तेव्हा शिवणखोलीतल्या शिडीनं परस्पर सांगून टाकलं, “आमच्या काकूंचे मिस्टर आहेत की! अर्ध्या गावाला ताठ करून बसलेत.” शिडी म्हणजे काकूंच्या शेजारच्या मशिनवरची मुलगी, अंगानं उंच आणि काटकुळी, म्हणून शिडी. मास्तर आले. त्यांच्याबरोबर काकूही आल्या, कारण मास्तर म्हणाले होते, “तूही चल.”

काकूंची शिवणखोली इस्पितळाच्या पाठीमागे, धोबीघराला लागून होती. चार मशिनं, एक लांब टेबल आणि सदानकदा कोमट वाफेचा वास. नवं असं तिथे फारसं शिवलं जात नसे. शस्त्रक्रियेच्या झग्यांच्या तुटलेल्या नाड्या लावायच्या, अभ्र्यांची तोंडं शिवायची, आणि चादरी. इस्पितळातली चादर नेहमी मधोमध विरते, माणूस निजतो तिथे. कडा मात्र नव्यासारख्या राहतात. मग ती मधून उभी कापायची, दोन्ही चांगल्या कडा मध्ये घेऊन जोडायच्या आणि विरलेल्या बाजू गादीखाली खोचायला ठेवायच्या. चादरीला पुन्हा आयुष्य मिळतं. काकूंनी जोडलेल्या चादरीची शिवण पाठीला टोचायची नाही. इतकी वर्षं मशिनवर बसून त्यांचा उजवा खांदा जरा खाली गेला होता, पण ते काम त्यांना मनापासून आवडायचं. तिथल्या मुख्य बाई जूनमध्ये जाणार होत्या आणि त्यांची खुर्ची काकूंना मिळणार, हे मेट्रननं सांगूनही ठेवलं होतं.

फक्त एक अडचण होती. मास्तरही त्याच जूनमध्ये शाळेतून निवृत्त होणार होते आणि काकूंनीही तेव्हाच काम सोडायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. “दोघं बरोबर थांबू,” असं ते सगळ्यांना सांगत. शेजाऱ्यांना सांगितलं, सासरी असलेल्या लेकीला सांगितलं, शाळेच्या शिपायाला सांगितलं. काकूंना वेगळं सांगायची गरज नव्हती. मास्तर सांगत असताना त्या तिथेच उभ्या असत.

“तुमच्या जागी मी असते ना काकू...” शिडी मशिनमध्ये दोरा ओवता ओवता म्हणायची.

“तू माझ्या जागी असतीस तर मास्तर केव्हाच घर सोडून पळाले असते.”

“मग सांगा की त्यांना, मला नाही सोडायचं म्हणून.”

“बघू.”

“बघू, बघू! आल्यापासून तुमचं ‘बघू’ ऐकतेय मी. कापड असतं तर एव्हाना त्याचा तंबू झाला असता.”

काकू हसायच्या आणि पुढची चादर ओढायच्या.

शनिवारचा वर्ग चालू राहिला. गोलात सगळ्यांत जास्त बोलायचा तो आचारी. शवासनात हमखास घोरणारा हा माणूस एकदा म्हणाला, “मी रोज एवढ्या लोकांचं रांधतो, पण तू जेवलास का असं मला कुणी विचारत नाही,” आणि रडायलाच लागला. मास्तर म्हणाले, “अहो, तुमच्याकडे बघून ते विचारायचं सुचत नाही कुणाला.” लोक हसले. बाईंनी नुसतं मास्तरांकडे पाहिलं आणि मग आचाऱ्याकडे पाहत बसून राहिल्या, त्याचं रडू संपेपर्यंत.

काकूंची पाळी आली की त्या म्हणायच्या, “काही नाही. बरं वाटलं.” बाई मान हलवायच्या. असं बरेच शनिवार चाललं.

मग एकदा काकू जरा थांबल्या. “एक गंमत झाली,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगता ना, उभं असताना श्वासाकडे बघा म्हणून. तर माझा श्वास चांगला चालू असतो. मग मागून पावलं ऐकू आली की थांबतो.”

“पावलं आली की श्वास थांबतो.”

“हो. मी नाही हं थांबवत. आपला आपण थांबतो. पावलं पुढे गेली की लागतो चालायला.” काकू हसल्या. “गंमतच आहे की नाही?”

दुसरं कुणी हसलं नाही. त्या वर्गात फिरणारा माणूस एकच होता. तो खिडकीच्या कडीकडे बघत बसला होता.

पुढच्या शनिवारी मास्तर नेहमीसारखे फिरले. एव्हाना त्यांना नियमाची सवय झाली होती, तिकीट तपासावं तसं ते “हात लावू का? हात लावू का?” करत जायचे आणि लोक हो म्हणायचे. शेवटच्या सतरंजीशी आले आणि काही न विचारता त्यांनी काकूंचा उजवा खांदा धरून वर उचलला.

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “विचारलं नाहीत.”

“ही? ही माझी बायको आहे!”

सगळे हसले. बाईही हसल्या. म्हणाल्या, “तरी.”

मास्तरांनी हात काढला, दोन्ही हात जोडल्यासारखे करून मान तिरकी केली आणि नाटकातल्यासारखं विचारलं, “काय बाईसाहेब, हात लावू का?”

“नको,” काकू म्हणाल्या.

शब्द बाहेर पडला आणि त्या स्वतःच चपापल्या. शेजारच्या सतरंजीवरून कुणी बोललं की काय, असं त्यांना वाटलं. मास्तरांचा हात तसाच अधांतरी राहिला. “नको म्हणजे? अगं, वाकडा आहे खांदा. का नको?”

“का, हे विचारायचं नाही,” बाई सावकाश म्हणाल्या. मास्तरांचे कान लाल झाले होते. ते पुढे गेले. वर्ग संपेपर्यंत त्यांनी कुणालाच हात लावला नाही.

घरी जाताना ते रोजच्यासारखे दोन पावलं पुढे चालले, फक्त जरा जास्त जोरात. दार उघडून आत गेल्याबरोबर म्हणाले, “चार माणसांत माझी शोभा केलीस.”

“तुम्ही विचारलंत.”

“विचारलं म्हणून लगेच नको म्हणायचं?”

“मग विचारायचं कशाला?”

मास्तरांनी पंखा बंद केला, मग पुन्हा चालू केला.

पुढे कितीतरी दिवस त्यांनी टोमणे मारून घर डोक्यावर घेतलं. “वर्तमानपत्राला हात लावू का? पाण्याच्या भांड्याला लावू का? माझ्याच चपलेला पाय लावू का?” काकू सरळ उत्तर द्यायच्या, “लावा.” सरळ उत्तर मिळालं की टोमण्याची मजा जाते. हळूहळू ते थांबले.

मे संपत आला तेव्हा एका संध्याकाळी मास्तरांनी टेबलावर एक कागद ठेवला. काकूंचा राजीनामा. मास्तरांच्या सुरेख अक्षरात पूर्ण लिहून आणलेला, वर पेन ठेवलेलं.

“सही कर. सोमवारी देऊन टाकू.”

काकू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचा श्वास थांबला. थांबलाय, हे त्यांना कळलं. त्या हातातला टॉवेल तसाच धरून उभ्या राहिल्या, श्वास पुन्हा चालू होईपर्यंत.

“हे तुम्ही मला विचारलं नाहीत,” त्या म्हणाल्या.

“काय विचारायचंय त्यात? ठरलंय ना आपलं.”

“तुमचं ठरलंय.”

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि बसले. वर्गात म्हणायचे त्याच कंटाळलेल्या सुरात म्हणाले, “बरं. विचारतो. सोडतेस का नोकरी?”

“नाही सोडत.”

खाली रस्त्यावर मुलं चेंडू खेळत होती, त्यांचा आरडाओरडा तेवढा वर येत होता. मास्तर कागदाकडे बघत म्हणाले, “आणि मी? मी घरात एकटा दिवसभर काय करू? शाळेत घंटा असते गं. झाली की उठायचं, झाली की बसायचं. इथे मला घंटा कोण देणार?”

हा आवाज काकूंनी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. त्यांना म्हणावंसं वाटलं, असं काय करता, होईल सगळं नीट. त्या तसं म्हणाल्या नाहीत. टॉवेल खाली ठेवून समोरच्या खुर्चीवर बसल्या.

“एकटं पडायची भीती वाटतेय तुम्हाला.”

“ए, त्या बाईसारखं बोलू नकोस हं माझ्याशी!”

“बरं.”

मुलांचा खेळ संपला. कुणाची तरी आई हाका मारून गेली.

“वाटतेय,” मास्तर म्हणाले.

काकू बसून राहिल्या. काही वेळानं मास्तरांनी त्या कागदाची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, आणि वाकून ती टेबलाच्या पायाखाली सरकवली. ते टेबल कित्येक वर्षं डुगडुगत होतं.

जूनमध्ये काकू मुख्य बाईंच्या खुर्चीवर बसल्या आणि निवृत्तीचं वय होईपर्यंत बसल्या. त्यानंतर ती खुर्ची शिडीला मिळाली. नव्या मुलींनी काही मागितलं की ती म्हणते ‘बघू’, असं ऐकिवात आहे. आचाऱ्याचं वजन काही कमी झालं नाही, पण उशिरा का होईना लग्न झालं, आणि बायको रोज कामावर फोन करून जेवलात का विचारते म्हणून तो कटकट करायचा. ऐकणाऱ्या बाई दोन-तीन वर्षांनी दूरच्या गावी गेल्या. जाण्याच्या दिवशी मास्तरांनी त्यांना विचारलं, “तुम्हाला आमचं सगळं माहीत, आम्हाला तुमचं काहीच नाही. असं कसं?” बाई म्हणाल्या, “तुम्ही कधी विचारलं नाहीत.” मग दोघं जेवणघराच्या पायरीवर बसून बराच वेळ बोलले. काय बोलले, ते मास्तरांनी घरी सांगितलं नाही.

बाई गेल्यावर मास्तरांनी तो वर्ग बागेत चालवला. हात लावण्याआधी ते विचारायचे आणि कुणी काही सांगू लागलं की मध्ये बोलायचे नाहीत, निदान प्रयत्न करायचे. काही लोक सोडूनही गेले. कसला हा मास्तर, सारखा विचारतोच, म्हणून. दुपारी ते धोबीघराच्या बाजूनं येऊन काकूंना घरी न्यायचे. परतताना दोन पावलं पुढेच असायचे. ती खोड गेली नाही.

मग शहाण्णव साली त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यानंतर ते दोन वर्षं होते. डावा हात तेवढा चालायचा. काकू अंग पुसायच्या आधी, कूस बदलायच्या आधी, तोंडाशी चमचा नेण्याआधी विचारायच्या, “हात लावू का?” बोटं उघडली तर हो, मूठ मिटली तर नको. बहुतेक वेळा बोटं उघडायची. कधी मूठ मिटायची. मग काकू ओला रुमाल पाण्यात परत ठेवायच्या आणि खुर्चीवर बसून राहायच्या.

शेवटच्या दिवसांत लेक आली. आल्या आल्या म्हणाली, “आई, बाबांचा खांदा बघ ना कसा कलंडलाय. ताठ माणूस माझा बाबा,” आणि तिनं उशी घेऊन हात पुढे केला.

“आधी विचार,” काकू म्हणाल्या.

“काहीतरीच काय आई! बाबा आहेत ते माझे.”

“तरी.”

लेक वाकली. “बाबा, हात लावू का?”

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांची बोटं एकेक करून मिटली.

लेकीनं उशी परत ठेवली. काकूंनी चादर नीट केली. मधोमध शिवण असलेली जुनीच चादर होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मास्तर डोळे मिटून पडले होते, श्वास सावकाश चालू होता, आणि खांदा वाकडाच राहिला.