शेजारची रेघ

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, पण तो लगेच उतरतोही, असं मी म्हणते. सर म्हणतात, यातलं अर्धंच खरं आहे. सर म्हणजे माझे यजमान. लग्नाच्या आधीपासून ते मुलांना चित्रकला शिकवतात, सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. 'अहो' म्हटलं तर त्यांना ऐकू येत नाही. 'सर' म्हटलं की लगेच मान वर होते.

आमचा वर्ग सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत भरतो. एका खोलीत बाकं, फळा आणि खिडकीतला उजेड. दुसरीत कागदांचे गठ्ठे, रंगांचे डबे, संगणक आणि मी. फी घेणं, किल्ल्या सांभाळणं आणि पालकांना तोंड देणं ही माझी कामं. शिकवण्यात मी नाक खुपसत नाही. तिथे सरांचा एकच कायदा चालतो: वर्गात खोडरबर आणायचा नाही. रेघ चुकली तर ती तशीच राहू द्यायची आणि बरोबर रेघ तिच्या शेजारी काढायची. सर बाकांमधून फिरतात, पोरांच्या कागदावरच आपल्या पेन्सिलीने शेजारची रेघ काढून दाखवतात आणि पुढे सरकतात. आपलं चुकलं कुठे ते पोराला दिसायला हवं, पुसून टाकलं तर काय डोंबल दिसणार, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पोरांची चित्रं त्यामुळे जरा गिचमिड दिसतात. पालक कुरकुर करतात. मी त्यांची समजूत काढते, म्हणजे दटावते.

ठिपका या वर्गात आली तेव्हा एवढीशी होती. पहिल्या दिवशी सगळ्या पोरांनी घरं, डोंगर आणि विमानं काढून कागद भरले आणि या बयेने तासभर बसून कागदावर एक ठिपका काढला. सरांनी विचारलं, "हे काय?" तर म्हणाली, "अजून विचार करतेय." सर इतके खूश झाले की तिचं नाव त्याच दिवशी ठरलं. आता ती शाळा संपवून बसलीय, उंचीने माझ्या वर गेलीय, तरी आमच्यासाठी ठिपकाच. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. कामावरून सुटली की वर येते आणि बाकावर बसून लेकीचं चित्र बघता बघता डुलक्या काढते. आम्हाला मूलबाळ नाही. ते दुःख मी कधी कुरवाळत बसले नाही, पण ठिपका आजारी पडली की मला जेवण जात नाही, एवढं सांगते.

गेल्या वर्षापासून सरांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, औषध घ्या आणि सवय करून घ्या. सर मला म्हणाले, "वर्गात कुणाला कळता कामा नये." चित्र शिकवणाऱ्याचाच हात हलतो म्हटल्यावर पोरं कोण पाठवणार? मी तोंडाला कुलूप घातलं. सरांनीही मग सगळ्यांच्या कागदावर रेघा काढणं बंद केलं. आता ते फक्त ठिपक्याच्या बाकाशी थांबायचे, तिच्याच कागदावर दाखवायचे आणि बाकीच्यांना तिथे गोळा करून म्हणायचे, "बघा, ही चुकलेली आणि ही बरोबर." मी दारातून बघायची. ती बरोबर रेघ अगदी पूर्वीसारखी असायची, एका दमात ओढलेली, स्वच्छ. पेन्सिल धरली की यांचा हात शहाण्यासारखा वागत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

अशात मोठ्या शहरातल्या कलाविद्यालयाची ती योजना आली. आमच्यासारख्या लहान वर्गांशी त्यांना भागीदारी करायची होती. वर्गाने ऑनलाइन अर्ज करायचा आणि सोबत आपल्या एका विद्यार्थ्याचाही पाठवायचा. वर्ग पसंत पडला तर भागीदार म्हणून पाटी लागणार, आणि विद्यार्थी पसंत पडला तर त्याला थेट प्रवेश, तोही बिनफीचा. एरवी तिथे शिरायचं तर आधी वर्षभराचा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. तो ठिपक्याच्या आईच्या आवाक्यातला नव्हता. म्हणजे ठिपक्याला आत जायला हे एकच दार होतं, आणि ते माझ्या संगणकातून उघडणार होतं.

त्या संगणकाने माझा जीव घेतला. चित्रांचे फोटो आम्ही गच्चीवर काढले. कागद दोरीला चिमट्यांनी लावले, वारा आला की ठिपक्याची आई खालून धरायची, त्यामुळे निम्म्या फोटोंत तिची बोटं आली. मग संकेतस्थळ म्हणालं, फाईल मोठी आहे. लहान केली तर म्हणालं, फार लहान आहे. नेमकी बसली तेव्हा म्हणालं, आपण बराच वेळ काही केलं नाही म्हणून आपल्याला बाहेर काढण्यात आलं आहे. मी बराच वेळ काही केलं नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात 'कलाकाराचे मनोगत' नावाचा रकाना होता आणि ठिपक्याने त्यात लिहिलं होतं, 'मला रेघ ओढायला आवडते.'

"अगं, एवढंच?" मी म्हटलं. "पानभर जागा दिलीय त्यांनी."

"पण काकू, एवढंच आवडतं."

सर पलीकडून हसले. त्यांना काय, ते हसणार. अर्ज गेला तेव्हा मी संगणकाला हात जोडले.

थोड्या दिवसांनी ईमेल आली. मी ती मोठ्याने वाचायला लागले आणि मध्येच थांबून पुढचं मनात वाचलं. विद्यार्थिनीच्या चित्रांत दोन वेगवेगळे हात दिसतात, असं त्यांनी लिहिलं होतं. एक चाचपडणारा आणि एक कसलेला. कसलेला हात शिक्षकांचा असावा असं परीक्षकांना वाटतं. तसं असेल तर ही चित्रं तिची म्हणून धरता येणार नाहीत. तरी व्हिडिओ कॉलवर विद्यार्थिनीशी बोलून मग निर्णय घेऊ.

राग नाकाच्या शेंड्यावर आला. मी वर्गाच्या खोलीत गेले. पोरं घरी गेली होती, सर फळा पुसत होते आणि ठिपका बाकं सरळ करत होती.

"कितीदा सांगितलं तुम्हाला," मी म्हटलं, "पोरांच्या कागदावर हात मारू नका! वेगळा कागद घ्या, फळ्यावर काढा, भिंतीवर काढा! आता बघा. तुमच्या कायद्यापायी पोरीचं वाटोळं झालं."

सरांनी ईमेल वाचली, चष्मा काढला, परत घातला, परत वाचली. ठिपक्याने खांद्यावरून वाकून वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, अर्ज मागे घेऊया," ती म्हणाली.

"का म्हणून? तुझ्या रेघा कुठल्या ते सांग ना त्यांना!"

"नको. वर्गाचा राहू दे. माझा मागे घ्या."

तिने दप्तर उचललं आणि ती गेली. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात आलं, म्हणजे चांगलं ते सगळं सरांचंच होतं तर. आम्ही उगाच पोरीला डोक्यावर घेतलं. असं वाटल्याचा मला इतका त्रास झाला की मी सरांशी भांडले, त्यांनी जेवताना मीठ मागितलं एवढ्यावरून.

अर्ज मात्र मी मागे घेतला नाही. ठिपक्याच्या आईला बोलावून सांगितलं, मुलाखतीला हिला बखोटीला धरून आणायचं. त्या माउलीने खरंच तसं आणलं.

पडद्यावर एक प्राध्यापक बाई आल्या. पिकलेले केस आणि शांत आवाज. त्यांच्या मागच्या भिंतीवर मुलांची चित्रं होती. ठिपका कॅमेऱ्यासमोर बसली, आई तिच्या मागे आणि मी शेजारी. सर बाजूच्या स्टुलावर बसले होते, पडद्यावर दिसणार नाहीत असे. बाईंनी आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग ठिपक्याचं एक चित्र पडद्यावर लावलं. तिची आई इस्त्री करतेय, पाठमोरी. खांद्यापासून कोपरापर्यंत दोन रेघा होत्या, एक अडखळत गेलेली आणि तिच्या शेजारी दुसरी. त्या दुसऱ्या रेघेत दिवसभर उभं राहून आलेला सगळा थकवा होता.

"ही शेजारची रेघ फार सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "मी कितीतरी वेळ बघत बसले होते. बाळा, खरं सांग, कुणाची आहे ही?"

ठिपक्याने खाली बघितलं. "सरांची," ती म्हणाली.

तिच्या आईने डोळे मिटले. बाई हळूच म्हणाल्या, "खरं बोललीस, बरं वाटलं," आणि काहीतरी लिहायला लागल्या. संपलं, मला वाटलं.

"खोटं बोलतेय ती," सर म्हणाले.

ते स्टुलावरून उठले आणि मला म्हणाले, "सरक जरा." मी सरकले. इतक्या वर्षांत त्यांच्या एका शब्दावर मी सरकल्याचं मला आठवत नाही. ते कॅमेऱ्यासमोर बसले, कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली.

"बाई, मी हिच्या वर्गाचा शिक्षक. बघा जरा."

त्यांनी एक खांदा काढायला घेतला. हात कापत होता. रेघ निघाली, अडखळली, दातेरी झाली, कोपराशी येईतो भलतीकडेच गेली. ते थांबले नाहीत, शेवटपर्यंत ओढली. मग कागद उचलून कॅमेऱ्याला दाखवला. कागदही थरथरत होता.

"हा माझा हात," सर म्हणाले. "तुमच्या ईमेलमधला चाचपडणारा. ओळख पटतेय ना?"

बाई पडद्याजवळ सरकल्या.

"गेलं वर्षभर असं चाललंय," सर म्हणाले. "हिच्या अर्धवट चित्रात मी पुढची रेघ काढायचो, ती वाकडी यायची. मी पाठ वळवली की ही माझ्या रेघेशेजारी बरोबर रेघ काढून ठेवायची. पहिल्याच दिवशी मला कळलं. कळूनही मी गप्प बसलो. पोरांना बोलावून दाखवायचो, ही चुकलेली, ही बरोबर. कुठली कुणाची ते सांगितलं नाही. सगळ्यांना वाटायचं, बरोबर ती सरांची. मला बरं वाटायचं त्यात. आपली अब्रू एका लहान मुलीच्या हातात आहे आणि ती सांभाळतेय, याचंही बरं वाटायचं. आज ती माझ्या अब्रूसाठी स्वतःचा प्रवेश घालवायला निघालीय. एवढं मात्र मी होऊ देणार नाही."

ठिपका मुसमुसत होती. सरांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "ठिपक्या, रडणं नंतर. ही रेघ चुकलीय. शेजारी काढ."

तिने बाहीने नाक पुसलं, पेन्सिल घेतली, सरांच्या रेघेकडे क्षणभर बघितलं आणि काढली. खांद्यावरून निघून कोपराशी उतरली, कुठेही न थांबता. माझा दारातला सगळा वेळ मला आठवला. मी ज्या रेघेवर जीव लावून होते ती हिची होती! त्या दोघांना तिथल्या तिथे बडवावं आणि मग कवटाळावं, असं मला झालं.

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, उगाच कचरा गेल्यासारखं करत. "पण मला तिच्या तोंडून ऐकावं लागेल," त्या म्हणाल्या. "बाळा, या रेघा कुणाच्या?"

ठिपक्याने सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत बसले, मुद्दाम.

"माझ्या," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "माझ्या आहेत."

मागून तिच्या आईने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर चार दिवस तो काळानिळा होता.

ठिपक्याला प्रवेश मिळाला. वर्गालाही भागीदारी मिळाली, पण एका अटीवर: सरांच्या जोडीला त्या विद्यालयाचे मोठे विद्यार्थी आळीपाळीने येऊन शिकवतील. अट म्हणून कळवलं होतं त्यांनी. मला तर ती देणगीच वाटली, पण सर दोन दिवस गाल फुगवून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "येऊ दे. त्यांनाही खोडरबर आणू देणार नाही."

प्रवेशाची ईमेल आली त्या संध्याकाळी सर वर्गात फळ्यासमोर उभे राहिले. ठिपका पहिल्या बाकावर होती, आणि मी नाक न खुपसता, पण खोलीच्या आत.

"एक सांगायचंय," सर मुलांना म्हणाले. "माझा हात थरथरतो. आजार आहे, बरा होणार नाही. गेलं वर्षभर तुम्ही ज्या छान रेघा बघितल्या त्या ठिपक्याने काढल्या होत्या. माझ्या त्या वाकड्या."

माझ्या मनात आलं, उद्यापासून यातली किती बाकं रिकामी दिसतील! सर फळ्याकडे वळले, खडू घेतला आणि एक हात काढला. साधा हात, कोपरातून वाकलेला. खडू किरकिरला, रेघ नागमोडी गेली.

"चुकली," सर म्हणाले. "शेजारची कोण काढणार?"

मग मागच्या बाकावरची एक चिमुरडी उठली आणि तिच्या पाठोपाठ आख्खा वर्गच फळ्यावर धावला. खडूवरून मारामारी झाली. कुणी सरांच्या कोपराखालून घुसलं, कुणी स्टुलावर चढलं. मला ओरडून रांग लावावी लागली आणि ती कुणी पाळली नाही. फळ्यावर त्या एका वाकड्या रेघेच्या शेजारी इतक्या रेघा झाल्या की मूळची कुठली ते ठिपक्यालाही सांगता येईना. सर गर्दीत अडकून हसत होते, केस खडूने पांढरे झालेले, हात उघड थरथरत होता. ती चिमुरडी त्यांची बाही ओढत म्हणत होती, "सर, अजून एक चुकवा ना!"