आत्याच्या शंभर आभारचिठ्ठ्या

सुटकेसचं चाक निखळलं की माणूस काय करतो? आधी सुटकेसला शिव्या घालतो, मग रस्त्याला, मग एवढं सामान भरायला लावणाऱ्या घरच्या माणसाला, आणि शेवटी फोन काढून नेटवर दुरुस्तीचं दुकान शोधतो. हा शेवटचा भाग आत्याला पन्नाशी उलटल्यावर कळला. तोवर तिचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. येणारे-जाणारे पाटी वाचायचे, आणि मोडकी चाकं, अडकलेल्या चेन, तुटकी हँडलं न बोलावता तिच्याकडे यायची.

मग ती इमारतच पाडली आणि आत्या तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत आली. खोली वडिलांची, म्हणजे तिची आणि दादाची मिळून. तिथे पाटी लावली असती तर ती फक्त कबुतरांनी वाचली असती. दादाचा धंदा पाण्याच्या फिल्टरचा. त्याच्या घरात खोकी इतकी साठली होती की वहिनीला कपाट उघडायचं तर आधी दोन फिल्टर हलवावे लागत. साहजिकच दादाचा खोलीवर डोळा होता. भांडण नको म्हणून ठरलं ते असं: शाळांच्या सुट्ट्या संपेपर्यंत आत्याचा फोन वाजायला लागला तर खोली तिची. नाहीतर खोकी आत आणि आत्या बाहेर.

"बाहेर म्हणजे घरी गं," दादा म्हणाला. "आराम कर. किती वर्षं रिव्हेट ठोकत बसणार?"

आत्याला आराम या शब्दाची पहिल्यापासून धडकी भरायची. घरी बसून ती करणार काय? आठ दिवसांत तिने दाराच्या बिजागऱ्या काढून पुन्हा लावल्या असत्या.

वहिनी एका वाचनालयाचं संगणकावरचं काम बघायची. तिने नवऱ्याच्या नकळत नणंदेला वेबसाइट करून दिली. झाली छान, पण "सुटकेस दुरुस्ती" असं शोधलं की ती अकराव्या पानावर दिसायची. अकराव्या पानापर्यंत कोण जातं? आत्या जायची. रोज सकाळी, स्वतःला भेटायला.

अशात एक दिवस लिंका विकणाऱ्या एका माणसाचा फोन आला. माणूस लोण्यासारखा बोलायचा.

"मॅडम, अगदी सोपं आहे. दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून तुमच्याकडे लिंक आली की सर्च इंजिनला वाटतं, या बाईंना चार लोक मानतात. जितक्या लिंका, तितक्या तुम्ही वर. लोक आपणहून देतील म्हणून वाट बघाल तर वर्षं जातील. आमच्याकडे तयार मिळतात. शंभराचा संच."

"शंभर माणसं माझ्याबद्दल लिहिणार?"

"लिहिलंच म्हणून समजा!"

वहिनीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "वन्सं," ती म्हणाली. वन्सं हा शब्द ती एकतर थट्टेत वापरायची, नाहीतर संकटात. "या विकतच्या शिफारशी आहेत. सर्च इंजिनला वास लागला तर अकरावं पानसुद्धा राहणार नाही. पार नाहीशा व्हाल."

"आणि नाही लागला तर?"

वहिनीला खोटं बोलता येत नसे. "तर वर जाल. जातात लोक."

आत्याला एवढंच ऐकायचं होतं. तिने त्याच दुपारी संच घेतला.

दहा दिवसांत शिफारशी उगवू लागल्या, आणि काय एकेक शिफारशी! गुडघेदुखीवरच्या लेखात मधेच वाक्य आलं की गुडघ्यांना जपा आणि सुटकेसची चाकं इथे बदलून घ्या. एका विरहकवितेत प्रेयसी निघून जाते आणि पुढच्याच ओळीत "खात्रीशीर चेनदुरुस्ती" निळ्या अक्षरांत चमकते. शोभेच्या माशांच्या एका वेबसाइटवर, टाकीतलं पाणी कधी बदलावं हे नीट समजावून झाल्यावर, कसलाही संबंध नसताना आत्याच्या कौशल्याची वाखाणणी होती. आत्याने सगळं वाचलं. मोठ्याने वाचलं. वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. इतकं कौतुक तिचं लग्नातही कोणी केलं नव्हतं.

आणि खरंच की, ती वर सरकली! अकराव्यावरून सहाव्यावर, सहाव्यावरून दुसऱ्यावर, आणि एका सकाळी पहिल्या पानावर, वरून तिसरी. फोन वाजला. ठेवला तर परत वाजला. आत्याला आभाळ ठेंगणं झालं. ती चेनचे रनर बसवताना गाऊ लागली, गिऱ्हाइकांना जिन्यापर्यंत सोडायला जाऊ लागली, आणि एकदा तर दुरुस्त झालेल्या सुटकेसवर बसून खोलीभर घसरली. सुटकेस टिकली, आत्याच कपाटावर आपटली, पण हसत.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ घातला तो आत्याच्या चांगल्या वळणाने. कोणी आपल्यासाठी काही केलं की दोन ओळी आभाराच्या लिहायच्या, हे तिच्या आईने तिच्यात इतकं मुरवलं होतं की ती दाताच्या डॉक्टरलासुद्धा चिठ्ठी पाठवायची. इथे तर शंभर जणांचे उपकार! तीन दिवस बसून तिने प्रत्येक लेखाखालच्या प्रतिक्रियेच्या चौकटीत, सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं: "स.न. आपण माझ्याबद्दल फार छान लिहिलंत. लिंकवाल्यांकडून आपलं मानधन पोचलं असेलच. नसेल तर कळवावे, मी त्यांच्याशी बोलते. आपली कृतज्ञ." खाली दुकानाचं नाव आणि फोन नंबर.

वहिनीने वाचलं आणि ती आधी खुर्चीत वाकून वाकून हसली. मग डोळे पुसत सरळ बसली. "वन्सं, तुम्ही शंभर ठिकाणी कबुलीजबाब दिलात हो."

आठवड्याच्या आत आत्या नाहीशी झाली. पहिल्या पानावर नाही, अकराव्यावर नाही, चाळिसाव्यावरही नाही. फोन मुका झाला. लिंकवाल्याला फोन लावला तर तो नंबरच अस्तित्वात नव्हता. सुट्ट्या संपायला पाच आठवडे उरले होते, आणि दादा जिन्यात भेटला की सहज विचारल्यासारखं करायचा, "खोलीत ओल वगैरे नाही ना गं?"

पण आत्याला खरं झोंबलं ते निराळंच. शंभर चिठ्ठ्यांना एकच उत्तर आलं, ते मासेवाल्या गृहस्थांचं. ते भयंकर चिडले होते. "कसलं मानधन? मी तुम्हाला ओळखत नाही. माझ्या वेबसाइटमध्ये चोरून शिरून कोणीतरी हे वाक्य घातलंय. वीस वर्षं मी माशांबद्दल एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही." आणि त्यांनी त्यावर मोठा लेखच लिहिला, "माझ्या टाकीत सुटकेस कशी शिरली?" या नावाचा, आत्याची चिठ्ठी जशीच्या तशी छापून.

आत्या लाजेने अर्धी झाली. बाकीचे नव्याण्णव कोण होते कोण जाणे, पण हा एक खरा माणूस होता आणि त्याच्या तोंडी तिने खोटं घातलं होतं. त्या दिवशी तिने एकाही चेनला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीला शेजारी बसवून तिने आपल्या वेबसाइटवर लिहिलं: मी शंभर शिफारशी विकत घेतल्या, त्यांची यादी ही. मासेवाल्या गृहस्थांची माफी मागते. त्यांना माझं काम ठाऊक नाही. मी चाकं, चेन, हँडल आणि अस्तर दुरुस्त करते. आकड्यांचं कुलूप मला जमत नाही, आणि फुटलेलं प्लास्टिक मी चिकटवते खरी, पण ते पुन्हा फुटतं. वहिनीने मिळतील तेवढ्या लिंका काढायला लावल्या आणि सर्च इंजिनवाल्यांकडे पुन्हा विचार व्हावा म्हणून अर्ज टाकला.

मासेवाल्या गृहस्थांनी आपल्या लेखाखाली एक ओळ वाढवली. "बाईंनी माफी मागितली आहे, इथे वाचा. असं लिहिणारा दुकानदार मी तरी पाहिला नाही." त्या "इथे"वर लिंक होती. आत्याला मिळालेली पहिली खरी लिंक.

आता शोभेचे मासे पाळणारी माणसं म्हणजे एक वेडी जमात. ती एकमेकांना सगळं सांगतात, आणि सुटकेस त्यांच्याकडेही असतात. कोणी हसत हसत ते पान दुसऱ्याला दाखवलं, कोणी आपल्या वेबसाइटवर टाकलं. चार आठवड्यांनी आत्या चौथ्या पानावर उगवली, मग दुसऱ्या. फोन वाजू लागला, आणि बोलणारा पहिलं वाक्य हमखास म्हणायचा, "त्या शंभर चिठ्ठ्यांच्या बाई तुम्हीच ना?"

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दादा वर आला. हातात खोकं.

"ठरलं होतं तसं..." दादाने सुरुवात केली आणि फोन वाजला. तो झाला, दादाने तोंड उघडलं, तर दुसरा. तिसऱ्यानंतर त्याने हात टेकले, खोकं टेबलावर ठेवलं आणि फिल्टर बाहेर काढला. "हा ठेवून घे. आणि तुझ्या त्या पानावर माझ्यासाठी एक ओळ टाक ना. लिंक का काय ती."

"वापरल्याशिवाय?" आत्या म्हणाली. "आता नाही हो, दादा. आठ दिवस थांब."

आठ दिवसांनी तिने लिहिलं: "माझ्या भावाचा फिल्टर. पाणी स्वच्छ येतं. तोटी गळते."

"गळते हे काढ ना गं!"

"गळत नाही?"

दादा चडफडत गेला. पण घरातली सगळी खोकी फोडून त्याने एकूण एक तोटी बदलली आणि आत्याने तेही लिहिलं.

चार दिवसांनी तो तीन मजले धावत चढून आला. धाप लागल्याने त्याला बोलता येईना. "एका बाईंचा फोन," तो म्हणाला. "म्हणाल्या, तुमच्या बहिणीने लिहिलंय म्हणजे ते खरंच असणार." मग तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, खोलीकडे, टांगलेल्या हँडलांकडे, चाकांच्या डब्यांकडे बघत राहिला आणि रुमालाने उगाचच चष्मा पुसू लागला.

"खोली तुझी," तो म्हणाला. "आणि मी मूर्ख."

आत्याला हसूही आलं आणि रडूही. ती म्हणाली, "पहिलं लिहून टाकते, दुसरं आपल्यातच ठेवू."