चुंबळ झालेला दुपट्टा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा दुपट्टा आहे. माझी थोरवी ऐकायला बसला असाल, तर खुशाल उठून जा. माझ्या पांढरेपणाचं कौतुक करणाऱ्यांची मला आता कीव येते, आणि त्या कौतुकाने फुगत होतो म्हणून स्वतःची लाज वाटते.

माझं सूत नांदुऱ्याकडच्या कापसाचं. कापसाचे दलाल नारायणराव यांनी मला विकत घेऊन खांद्यावर टाकलं, तेव्हा मला वाटलं, आपण मोठे झालो. माझं काम काय होतं, ठाऊक आहे? झाकणं! त्या काळी कापसाचा भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि व्यापारी हातात हात घेत, वर मला पसरत आणि आत बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा कापूस, तो शेतकरी शेजारी उभा. त्याला दिसायचो फक्त मी, परीटघडीचा. आत त्याच्या वर्षभराच्या कष्टाचं काय चाललंय, ते मला कळत होतं. तरी मी जागचा हललो नाही. वर लोक म्हणत, "दलालाचा दुपट्टा पाहा, एक डाग नाही!" असल्या अब्रूवर थुंकावं. फडक्याला थुंकता येत नाही, एवढंच.

पुढे ती रीत बंद झाली. नारायणरावांमागे मी त्यांचा मुलगा अर्जुनराव यांच्याकडे आलो. रीत गेली, पण खोड गेली नाही. हा गृहस्थ मेथीची जुडी घेतानाही माझ्याखाली हात घालायला बघे.

अर्जुनरावांची मुलगी सुवर्णा इंजिनिअर झाली. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या, म्हणजे जिनिंगच्या यंत्रांची देखभाल ती करते, तीही आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोटोनू नावाच्या शहरात. गेल्या वर्षी अर्जुनराव तिला भेटायला गेले. मी खांद्यावर होतोच.

एका सकाळी सुवर्णा त्यांना समुद्रकाठच्या मासळीबाजारात घेऊन गेली. रंगवलेल्या लांब नावा वाळूवर ओढलेल्या, बायकांच्या डोक्यांवर भल्यामोठ्या पराती, मासे भाजल्याचा धूर. अर्जुनरावांनी मला नाकाशी धरलं.

"सुवर्णे, काय वास हाय वं हा!"

"बाबा, आपल्या जिनिंगमंदी कोन्तं अत्तर शिंपडते?"

ती त्यांना आफीमावशीकडे घेऊन गेली. मावशी हे नाव सुवर्णानेच दिलेलं. परक्या गावात ती तापाने नऊ दिवस पडली होती, तेव्हा याच बाईने तिला माशाचं कढण करून पाजलं होतं. नाववाले आपली मासळी आफीमावशीपुढे ओतत आणि ती मोठ्याने भाव पुकारून ती विकून देई. भाव साऱ्या बाजाराच्या कानावर पडे, म्हणून वीस वर्षांत तिच्यावर कोणी संशय घेतला नव्हता.

अर्जुनरावांना एक मोठा मासा आवडला. आवडला म्हणजे काय, लेकीपुढे मिशीला पीळ द्यायची संधी दिसली.

"पाय आता, अर्ध्यात आणतो. तुह्या आज्याची इद्या हाय थे!"

"बाबा, इथं भाव मोठ्यानं बोलतेत. झाकून नाई."

ऐकतील ते अर्जुनराव कसले! त्यांनी आफीमावशीचा हात धरला, वर मला पसरलं आणि बोटं दाबू लागले. तिला काहीच कळेना. पण भोवतालच्यांना वाटलं, तिला कळतंय आणि दोघांचा झाकून सौदा चाललाय. पुकारे थांबले. एक म्हातारा नाववाला पुढे आला, त्याने आपली टोपली तिच्यापुढून उचलली आणि काहीतरी बोलला. सुवर्णाचा चेहरा उतरला.

"काय म्हनते थो बुढा?" अर्जुनरावांनी विचारलं.

"जी बाई झाकून भाव करते, तिले मी मासळी देत नाई म्हनते. बाबा, वीस वर्साचा इस्वास गेला तिचा. तुमच्यापायी!"

"याईले काय समजते? चाल घरी."

चाल घरी! भानगड करून खांदे झटकायचे, ही त्यांची दुसरी विद्या.

सुवर्णा मात्र हलली नाही. तिने मला पदरासारखं धरलं आणि सर्रकन ओढलं. अर्जुनरावांची बोटं दाबलेली होती, तशीच साऱ्या बाजारापुढे उघडी पडली. मग तिने तोच भाव आपल्या बोटांवर उंच धरून दाखवला आणि तिथल्या भाषेत ओरडून सांगितलं, "माझ्या वडिलांनी हिला अर्धा भाव मागितला. ही एक अक्षर बोलली नाही. चूक आमची आहे!" आणि पुकारलेला पूर्ण भाव देऊन तिने तो मासा घेतला.

 म्हाताऱ्याने टोपली पुन्हा आफीमावशीपुढे ठेवली. मावशी खो-खो हसली. तिने सुवर्णाच्या हातून मला घेतलं, पिळा दिला, गोल चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर मासळीची परात चढवली.

"अवो, माह्या बापाचा दुपट्टा हाय थो!" अर्जुनराव कळवळले.

"हाव बाबा," सुवर्णा म्हणाली. "आज पयल्यांदा कामाले लागला."

तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्यातून माशाचं पाणी झिरपतं, डागांची तर गणतीच नाही. मला धुवा, घडी करून जपा, असं मी तुम्हांला सांगणार नाही. पांढरा होतो तेव्हा फार जपला गेलो. फक्त, कुठे दोन हातांवर फडकं टाकलेलं दिसलं, तर ते उचला. फडक्याला राग येत नाही. माझ्या तरुणपणी कोणी उचललं असतं, तर मी केव्हाच माणसांत आलो असतो.