कुंकवाने मुकी झालेली फ्लॉपी

मित्रांनो, सिहोऱ्याच्या राइस मिलमागे, कोंड्याच्या खोलीत उंदरांच्या संगतीला पडलेला ठोकळा दिसतो ना? तो मी. प्रिंटर. मला बिघडलेला म्हणतात. म्हणणाऱ्यांची जीभ झडो!

सत्त्याऐंशी साली मिलमालक ताराचंदने मला संगणकासोबत नागपूरहून आणले. माझ्या सुया शाईच्या फितीवर टकटक आपटत आणि कागदावर ठिपक्यांची अक्षरे उमटत. धान घेऊन आलेली माणसे खिडकीशी गर्दी करत. "लेकाचा काय लिवून राहिला पाहा!" ताराचंदची बायको सत्यवती मला चालवी. तिने माझी फीत कधी वाळू दिली नाही.

माझ्यासोबत दोन फ्लॉप्या आल्या होत्या. त्यांत ड्रायव्हर असतो, म्हणजे संगणकाचे बोलणे मला समजावणारा दुभाषा. संगणकाची प्रणाली बदलली की दुभाषाही बदलावा लागतो. आमच्या संगणकाची प्रणाली डॉस, म्हणून डॉसची फ्लॉपी लगेच वापरली. दुसरी युनिक्स या प्रणालीची, ती पुढे लागेल म्हणून सत्यवतीने कपाटात जपली.

दसरा आला. ताराचंदच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, मिलमधल्या झाडून साऱ्या यंत्रांची पूजा मांडली. मला झेंडूची माळ घातली. कपाटातली फ्लॉपी खोळीतून काढून पाटावर ठेवली. तिला एक उघडी फट असते, आतली काळी चकती तिथे दिसते. नेमके तिथेच ओले कुंकू!

"आत्याबाई, तिले पाणी नोका लावू!" सून ओरडली.

"चूप! देवाच्या कुंकवानं कोनाचं वाईट झालं वो?"

दोन वर्षांनी युनिक्सचा संगणक आला. तो बसवायला नागपूरहून इश्वर आला. डॉसचा ड्रायव्हर त्यावर चढेचना. तसेच जोडून पाहिले, तर मी नुसत्या फुल्या न् चौकटी ओकलो. दुसरी फ्लॉपी घातली, तर संगणक ती वाचेना. इश्वरने ती बाहेर काढली. चकतीवर लाल डाग वाळलेला.

"हे कोनं केलं?"

चंद्रभागाबाई छताकडे पाहू लागल्या.

सत्यवतीने माझी तार सोडवली, बटण दाबून धरले आणि मला चालू केले. अशी चाचणी मी संगणकाविना देतो. सगळी अक्षरे मी लख्ख उमटवली.

"पाहा, धडधाकट हाय. फ्लॉपी तेवढी मागवा."

"धानाचा सीझन तोंडावर, अन् थांबू कायले?" ताराचंद म्हणाला.

"बिघडलाच व्हता तो," चंद्रभागाबाई आता बोलल्या. "पयलेपासूनच खडखड करे."

माळ घालणारे हात तेच, मित्रांनो, आणि मला बाहेर काढा म्हणणारे तोंडही तेच.

नवा प्रिंटर आला. मी कोंड्यात.

आज पुन्हा दसरा. सकाळीच सत्यवती आली. नव्याची फ्लॉपी डब्यात घालून तिने माझ्या झाकणाखाली लपवली आणि निघून गेली. माझ्या जागेवर बसलेल्याचा दुभाषा मीच सांभाळतो आहे! पलीकडे चंद्रभागाबाई ओरडताहेत, "फ्लॉपी कोठी गेली वो?"

मित्रांनो, आम्हाला माळा नकोत. आमच्या फ्लॉप्या कोरड्या ठेवा. आणि डाग आपल्या हातचा असेल, तर तो आमच्या नावावर खपवू नका.